पुढचा ब्रेक मारला की गाडी खरंच पलटते का?

पुसदहून दिग्रस, उमरखेड, वाशिम, कोणत्याही रस्त्याला संध्याकाळी गाडी काढा. शेतातून रोही कधी आडवा येईल याचा नेम नाही. रोही नाही तर रानडुक्कर, तेही नाही तर मागे लाइट नसलेला ट्रॅक्टर. अशा वेळी बहुतेकांचा उजवा पाय जोरात दाबला जातो. मागचं चाक जाम होतं, गाडी शेपूट हलवत घसरत जाते. उजवा हात मात्र ब्रेकला नीट लागतच नाही, कारण गाडी शिकवताना काकाने किंवा मोठ्या भावाने डोक्यात पक्कं बसवलेलं असतं, "समोरचा ब्रेक मारू नको, पलटी खाशील."

हा सल्ला अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक आहे.

एसटीत उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की सगळे पुढे झुकतात. मोटारसायकलचंही तेच होतं. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाची रस्त्यावर पकड कमी, म्हणून पाय जोरात दाबला की ते लगेच घसरतं. उलट पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि त्याची पकड वाढते. गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त भार पुढे यायला क्षणभर लागतो. त्याआधीच लिव्हर कचकन ओढला तर चाक जाम होतं आणि माणूस खाली. काकाने जे पाहिलं असेल ते हेच. दोष ब्रेकचा नाही, ओढण्याच्या पद्धतीचा आहे.

ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. रोही दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद धरा, म्हणजे १७ मीटर तिथेच गेले. पुढे कोरड्या, चांगल्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लागले तर गाडी साधारण २५ मीटरच्या आत थांबू शकते. नुसत्या मागच्या ब्रेकवर हेच अंतर ४० मीटरच्या आसपास जातं. वाचणं किंवा न वाचणं या मधल्या १५ मीटरमध्ये ठरतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत १९८१ साली 'हर्ट रिपोर्ट' आला. लॉस एंजेलिस भागातले ९०० मोटारसायकल अपघात त्यासाठी जागेवर जाऊन तपासले होते. चालक मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवत होते आणि पुढचा पुरेसा वापरतच नव्हते, असं त्यात दिसलं. अपघात टाळायला त्यांना साधारण दोन सेकंदही मिळत नव्हते. तेवढ्यात कोणी विचार करत नाही, हात सवयीचंच काम करतात. भारतात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ जणांचा जीव गेला, त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते.

ही सवय लावायची कुठे? लायसन्ससाठी आपण आठचा आकडा काढतो, त्याने तोल कळतो. ब्रिटनच्या परीक्षेत मात्र ताशी ५० च्या वेगातून गाडी अचानक थांबवून दाखवावी लागते. आपल्याकडे हा सराव स्वतःच करायचा.

त्यासाठी मातीचं मैदान नको, तिथे पुढचं चाक सहज घसरतं. शहराबाहेर नवे ले-आउट पडतात, त्यातले आतले रस्ते सकाळी रिकामे असतात. विचारून घ्या, झाडून खडी बाजूला करा, पोरं आणि कुत्री बघायला सोबत एक माणूस ठेवा. हेल्मेट, बूट, जाड पँट घाला. ताशी २० पासून सुरू करा. विटेने खूण करा आणि गाडी तिथे आली की ब्रेक लावायला सुरुवात. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, पुढचा लिव्हर लिंबू पिळतात तसा आधी हलका आणि मग वाढवत दाबा. मागचा ब्रेक हलकाच. गुडघ्यांनी टाकी धरा, म्हणजे अंगाचा भार हँडलवर पडत नाही. क्लच शेवटी. नजर लांब, समोर. खाली चाकाकडे पाहणारा तोल घालवतो. वीस-पंचवीस वेळा जमलं की वेग ३०, मग ४०. एका दिवसात सगळं उरकू नका.

पुढचं चाक जाम झालंसं वाटलं तर लिव्हर लगेच सोडा आणि पुन्हा हळू दाबा. मागचं घसरून गाडी आडवी झाली असेल तर मात्र पाय झटकन उचलू नका. टायर एकदम पकड घेतो आणि गाडी माणसाला दुसऱ्या बाजूला फेकते.

२०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. ते चाक जाम होऊ देत नाही, पण सिंगल चॅनल असेल तर फक्त पुढचं. छोट्या गाड्यांत सहसा सीबीएस असतं. त्यात मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, पण चाक जाम होणं ते थांबवत नाही आणि उजव्या हाताचं काम संपत नाही. जुन्या स्प्लेंडरवर यातलं काहीच नाही, आणि गावाकडे त्याच जास्त.

आता वाशिम रस्त्यावरचा खंडाळा घाट (लोणावळ्याचा नव्हे, आपला). वळणावर गाडी झुकलेली असताना टायरची बरीच पकड वळण्यातच खर्च होते, म्हणून वेग वळणाआधी कमी करा. वळणातच थांबायची वेळ आली तर आधी गाडी सरळ करा, मग जोर लावा. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर काळी माती आणतात. ती ओली असताना कुठलाच ब्रेक धड चालत नाही, तिथे वेग आधीच उतरवलेला बरा.

मागे माणूस किंवा खताची बॅग असेल तर मागच्या चाकावर भार जास्त राहतो. तेव्हा मागचा ब्रेक एरवीपेक्षा जास्त कामाला येतो, पण गाडी थांबायला अंतरही जास्त घेते. म्हणून एकट्याने हात बसला की एकदा मागे कोणाला तरी बसवून, पुन्हा ताशी २० पासून, हाच सराव करा.