मुंबई-पुण्यातील एकपडदा चित्रपटगृहे

चित्रपट मुंबईत आला तो परक्या घरात. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रे वॉटसन हॉटेलात दाखवली गेली आणि आठवड्याभरात हे खेळ नॉव्हेल्टी या नाटकाच्या थिएटरात सुरू झाले. पुढची काही वर्षे मैदानातले तंबू आणि नाटकगृहे यांवरच भागले. ग्रँट रोडजवळच्या पिला हाऊस भागातली पारशी-उर्दू रंगभूमीची नाटकगृहे हळूहळू सिनेमाकडे वळली. अल्फ्रेड, गुलशन, निशात ही नावे तिथलीच. दिवसभर राबणाऱ्या, गावाकडून एकट्याने आलेल्या माणसाला कमी पैशांत तीन तास बसायला जागा देणारी ही थिएटरे होती. मुंबईच्या सिनेमाचा इतिहास लिहिताना त्यांना फार कमी ओळी मिळाल्या.

गिरगावचे भाग्य याबाबतीत बरे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी तिथल्या कोरोनेशन सिनेमात लोकांसाठी लागला. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ आला, तेव्हा दारात उसळलेली गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेले. मॅजेस्टिक आता नाही. त्या जागी दुकानांची इमारत आहे. थिएटरचे नाव मात्र केशवराव कोठावळे यांनी त्याच्या आवारात सुरू केलेल्या पुस्तकांच्या दुकानामुळे मराठी वाचकांच्या तोंडी राहिले.

बोलपटाने इमारतच बदलली. मूकपटाला वादक आणि काळोख पुरत असे. आवाजासाठी भिंती, छत, खुर्च्या यांचा वेगळा विचार करावा लागला. त्यातून १९३० च्या दशकातली भव्य चित्रपटगृहे उभी राहिली. १९३३ साली कुलाब्याला रीगल उघडले. चार्ल्स स्टीव्हन्स यांनी आखलेल्या या इमारतीत मोटारींसाठी तळघर होते. १९३८ साली चर्चगेटसमोर सोराबजी भेदवार यांच्या आराखड्याचे इरॉस आणि धोबीतलावला अमेरिकेच्या एमजीएम कंपनीचे मेट्रो सुरू झाले. या देखण्या सभागृहांत मुख्यतः इंग्रजी चित्रपट लागत. हिंदी चित्रपटालाही तसेच मानाचे घर हवे, या जिद्दीने हबीब हुसेन यांनी लिबर्टी बांधले. ते १९४९ साली ‘अंदाज’ने उघडले. आतले लाकूडकाम, प्रकाशयोजना, पायऱ्यांचे वळण आजही थक्क करते.

पुण्यात गंगाधर पाठक यांनी मंडईजवळ १९१५ साली आर्यन सुरू केले. ते १९८३ साली पाडले गेले. अप्पा बळवंत चौकाजवळ इंदूरच्या किबे यांच्या मालकीचे थिएटर १९३४ साली उघडले आणि ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या नावाने ओळखले गेले. मराठी चित्रपटाला पुण्यात हक्काचा पडदा मिळाला तो इथे. मुंबईत तेच काम लालबागच्या भारतमाताने केले. गिरणी सुटल्यावर सहकुटुंब मराठी चित्रपटाला येणारा कामगार हा त्याचा प्रेक्षक.

स्टॉल, अप्पर स्टॉल आणि बाल्कनी असे दर वेगवेगळे असले, तरी छत एकच होते. चाळीतला माणूस आणि बंगल्यातला माणूस एकाच वेळी एकाच दृश्याला हसत, ही या सभागृहांची खरी कमाई. मराठा मंदिरात ५ ऑगस्ट १९६० रोजी ‘मुघल-ए-आझम’ लागला, तर मिनर्व्हात १९७५ पासून ‘शोले’ वर्षानुवर्षे चालला. हजारावर खुर्च्या रोज भरण्याची ताकद अशा चित्रपटांत होती आणि थिएटरचा सारा हिशेब त्याच खुर्च्यांवर बेतलेला होता.

तो हिशेब ऐंशीच्या दशकात बिघडला. रंगीत दूरदर्शन आणि व्हिडिओमुळे कुटुंबे घरी थांबली. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातला प्रेक्षक पांगला. तिकिटावरचा करमणूक कर जबर होता. मालकाच्या हाती दुरुस्तीपुरतेही उरत नसे. खुर्च्या फाटल्या, वातानुकूलन बंद पडले, बायामुले येईनाशी झाली. अशा वेळी राज्य सरकारने २००१ साली मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षे पूर्ण करमाफी आणि पुढची दोन वर्षे मोठी सवलत दिली. नव्याला उत्तेजन देण्यात गैर काही नव्हते; जुन्या थिएटरांना त्याच तोलाचा आधार मिळाला नाही, हा अन्याय होता. शहरातल्या जमिनीचा भाव तिकिटाच्या गल्ल्याच्या कितीतरी पुढे निघून गेला होता. थिएटरच्या जागी थिएटर राखण्याच्या अटीमुळे कित्येक वास्तू ना चालू ना पाडलेल्या अशा कुलूपबंद पडून राहिल्या.

प्रत्येकाच्या वाट्याला वेगळे आले. मेट्रो २००६ साली मल्टिप्लेक्स झाले. मिनर्व्हा पाडले गेले. रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ साली बंद पडले होते. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली त्याचे जतन होऊन ते २०१६ साली पुन्हा उघडले. हा नमुना सर्वात समाधानाचा आहे, पण त्यामागे धीराचा आणि पैसेवाला मालक होता. इरॉसची इमारत २०१८ साली जागतिक वारसा ठरलेल्या समूहात आहे. २०२४ साली ते आयमॅक्स पडद्यासह सुरू झाले तेव्हा बाहेरचा डौल जुनाच होता, आतले मूळ सभागृह मात्र उरले नव्हते. भारतमाताची जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यातल्या गिरणीची. त्यामुळे त्याच्यावर टांगती तलवार राहिली आणि ते वाचावे म्हणून मराठी चित्रपटसृष्टी रस्त्यावर उतरली. पुण्याचे प्रभात भाडेकरार संपल्यावर २०१४ अखेर मूळ मालकांकडे गेले आणि किबे लक्ष्मी या नावाने पुन्हा सुरू झाले.

नोंदी ठेवण्याचे काम अर्धेच झाले आहे. रीगल-इरॉससारख्या आर्ट डेको शैलीच्या इमारतींची छायाचित्रे आणि माहिती अभ्यासकांनी नेटाने जमवली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९६४ पासून चित्रपट, पोस्टर आणि गाण्यांच्या पुस्तिका जपल्या जातात. पण कोणत्या थिएटरात कोणता चित्रपट किती आठवडे चालला, हे कळते ते वर्तमानपत्रांतल्या जुन्या जाहिरातींतून. मालकी आणि आसनसंख्या परवान्यांच्या व मालमत्तेच्या दप्तरांत सापडते. कार्बनच्या कांड्या जुळवून पडदा उजळता ठेवणारे ऑपरेटर, बॅटरीच्या उजेडात जागा दाखवणारे डोअरकीपर आणि फलक रंगवणारे चित्रकार यांच्या कामाची माहिती मात्र कागदावर जवळजवळ नाही. हे व्यवसाय आता जवळजवळ संपले, आणि ती कामे केलेली माणसे आज उतारवयात आहेत. पिला हाऊस, गिरणगाव आणि तालुक्याच्या गावांतली थिएटरे वास्तुशिल्पाच्या यादीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी याच माणसांच्या मुलाखती हा सर्वात भरवशाचा पुरावा आहे आणि तो आधी गोळा व्हायला हवा.