काकूच्या ओट्यावरचं एक वाक्य

आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये कंपनीचं मिशन स्टेटमेंट फ्रेम करून लावलंय. रोज दोनदा मी त्याच्यासमोर उभा राहतो आणि तरीही ते मला पाठ नाही. त्यामुळे बडोद्यात डबे पोचवणाऱ्या माझ्या काकूला असलं काही लागेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी हसलो असतो.

सुरुवात झाली वेबसाइटवरून. घरात एक सॉफ्टवेअर इंजिनिअर असला की त्याच्याकडे दोनच कामं येतात : प्रिंटर चालू करून दे, नाहीतर वेबसाइट बनवून दे. चुलत बहिणीने दुसरं सांगितलं. मी बसलो आणि ‘आमच्याविषयी’ या पानावर अडकलो. काकू म्हणाली, “घरगुती महाराष्ट्रीय जेवण मिळेल, एवढं लिही.” बहीण म्हणाली, “दादा, सर्व प्रकारचं केटरिंग लिही, लग्न-मुंजीसकट.” काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “स्वस्त आणि मस्त.”

एका स्वयंपाकघरात तीन वेगवेगळे धंदे चालले होते आणि तिघांनाही ते माहीत नव्हतं. आमच्या क्षेत्रात हे नेहमी होतं. क्लायंटला काय हवंय हे न लिहिता कोड सुरू केला, की सहा महिन्यांनी भांडण ठरलेलं.

मग तीन रविवार आम्ही एका वाक्यावर घालवले. सगळ्यात जास्त वाद ‘महाराष्ट्रीय’ या शब्दावर झाला. काकू तो सोडायला तयार नव्हती. चार पिढ्या बडोद्यात काढल्या तरी आमच्या आमटीत गोडा मसालाच पडतो, हा तिचा अभिमान. पण युनिव्हर्सिटीत शिकणारी जी मुलं डबा घेतात, त्यांतली निम्मी राजस्थान-सौराष्ट्रातली. ती मराठी जेवण म्हणून नाही, घरचं जेवण म्हणून घेतात. “मग गोडा मसाला घालायचा की नाही?” काकूने विचारलं. बहीण म्हणाली, “घालायचाच. आपण जे जेवतो तेच द्यायचं ना!” आणि तिथेच वाक्य सापडलं :

‘घरापासून लांब राहणाऱ्यांना, त्याच सकाळी शिजवलेलं आणि आम्ही स्वतः जेवतो तेच जेवण, दुपारी साडेबाराच्या आत.’

यात ‘उत्कृष्टता’ नाही, ‘ग्राहकांचा संतोष’ नाही. असे शब्द कुठल्याही धंद्याला चिकटतात, म्हणून कुणाच्याच उपयोगाचे नसतात. ज्या वाक्यावरून एखाद्या गोष्टीला ‘नाही’ म्हणता येत नाही, ते वाक्य भिंतीवर लावून काय करायचं?

‘नाही’ म्हणायची वेळ लवकरच आली. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनसाठी विचारणा झाली. रोज १५० थाळ्या, थाळीला ५५ रुपये. काकूचे तेव्हा ६२ डबे, महिन्याला प्रत्येकी २,२०० रुपये. हिशेब करून पाहा : २६ दिवसांचे दोन लाख चौदा हजार एका बाजूला आणि एक लाख छत्तीस हजार दुसऱ्या बाजूला. पण थाळ्या सकाळी साडेदहाला निघायला हव्या होत्या. म्हणजे पोळ्या पहाटे चारला सुरू, किंवा भाजी आदल्या रात्री. आणि ५५ रुपयांत तेल कुठलं वापरायचं, हा प्रश्न वेगळाच. तिघांनी वाक्य पुन्हा वाचलं आणि नकार कळवला. बहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला टेम्पो घ्यायचा होता. तिचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही.

लिज्जत पापडाची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. मला त्यातला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो. तोटा झाला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. काम करणारी प्रत्येक बहीण मालकीण, हेही. पुढे शाखा वाढल्या, हजारो बायका आल्या. नियम आधीच ठरलेले असले, की अशा वेळी प्रत्येक गोष्ट नव्याने भांडून ठरवावी लागत नाही.

छोट्या धंद्यात ही अडचण जास्तच असते, कारण सगळे नियम एकाच माणसाच्या डोक्यात असतात. गेल्या वर्षी काकूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठवडाभर तिला शेगडीजवळ जायला बंदी होती. बहीण आणि पोळ्या करणाऱ्या बेन, दोघींवर सगळं आलं. बेन गुजराती, म्हणून ते वाक्य ओट्यावर गुजरातीतही लिहून चिकटवलं होतं. तिसऱ्या दिवशी मटकीच्या उसळीला आंबूस वास आला. बहीण डबे भरून निघालेल्या मुलांचे फोन घेत होती. बेननी कुणालाही न विचारता पातेलं बाजूला केलं आणि बटाट्याची भाजी टाकली. डबे पाऊण वाजता पोचले, पंधरा मिनिटं उशिरा. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, “आपण खाल्ली नसती, मग मुलांना कशी द्यायची?”

कॅन्टीनवाल्यांचा गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. या वेळी थाळीला ७० रुपये म्हणतायत, आणि दुसऱ्या शिफ्टसाठी साडेबाराला चालेल असंही. बहिणीने लगेच वही काढली. कारखान्यातले बरेचसे कामगार बाहेरगावचे, खोल्या करून राहणारे. म्हणजे तेही ‘घरापासून लांब राहणारे’च, असं तिचं म्हणणं. काकू म्हणते, २१२ माणसांचं एका सकाळी ताजं होत नाही, ओटा बघ केवढा आहे. काका अजून पेपरच वाचतायत. या रविवारी मला दुपारच्या जेवणाला बोलावलंय, वाक्याचा कागद आणि कॅल्क्युलेटर घेऊन.