टाकीतला नैसर्गिक उजेड

नदीतल्या माशाला उजेड वरून मिळतो आणि तो त्याच्या सवयीचा इतका भाग असतो की शरीराचा तोलही काही अंशी त्यावरच ठरतो. प्रकाश एका बाजूने पडला तर मासा पाठ तिकडे करू पाहतो आणि तिरका होऊन पोहतो, हे एरिख फॉन होल्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवले. घरच्या टाकीला कडेने किंवा तळातून रंगीत दिवे लावू नयेत, ते एवढ्यासाठी. दिवा हवा तो वरच.

पण वरचा प्रत्येक दिवा नैसर्गिक दिसत नाही. ट्यूबचा उजेड लांब नळीतून चहूकडे पसरतो; टाकी उजळते, पण सावल्या नाहीशा होतात. उथळ ओढ्याच्या तळाशी हलणारी प्रकाशाची जाळी त्यात उमटत नाही. पृष्ठभागावरची प्रत्येक बारीक लाट भिंगाचे काम करते, किरण कुठे एकवटतात, कुठे विखुरतात आणि ती जाळी तयार होते. त्यासाठी उजेड सूर्यासारखा जवळजवळ एका बिंदूतून यावा लागतो. म्हणून दुधी झाकणाच्या लांब पट्टीपेक्षा थोड्या उंचीवर टांगलेले एक-दोन एलईडी स्पॉट अधिक चांगले. फिल्टरचा झोत पृष्ठभागालगत सोडला की लाटा आपोआप उठतात. दिवा मध्यावर न लावता किंचित पुढे घ्यावा. माशाची समोरची बाजू उजळते, मागचा भाग अंधुक राहतो आणि टाकीला खोली येते.

रंगाचे गणित पाण्यावर अवलंबून असते. साध्या गोड्या पाण्याला सुमारे 6500 केल्व्हिनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडाशी जुळणारा पांढरा प्रकाश शोभतो. दिव्याचा रंगदर्शक निर्देशांक, म्हणजे सीआरआय, 90 च्या वर असेल तर माशांचे तांबडे-पिवळे रंग फिके पडत नाहीत. समुद्रात तांबडा प्रकाश आधी शोषला जातो, म्हणून प्रवाळांच्या टाकीत निळा उजेड स्वाभाविक वाटतो. ब्राझीलमधल्या रिओ नेग्रो नदीत नेमके उलटे घडते. कुजलेल्या पानांतील टॅनिनमुळे तिचे पाणी चहासारखे तपकिरी असते आणि निळा प्रकाश त्यात लवकर जिरतो. कार्डिनल टेट्रा हा तिथलाच मासा. झगझगीत पांढऱ्या टाकीत तो बुजलेला दिसतो. मुंबई-कोकणात सर्रास आढळणाऱ्या देशी बदामाची वाळलेली, स्वच्छ धुतलेली पाने पाण्यात सोडली तर हाच रंग घरी साधतो. त्यासाठी पिवळा दिवा आणण्याची गरज नाही.

सावलीकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पिस्टियासारख्या तरंगत्या वनस्पतींनी पृष्ठभागाचा काही भाग झाकला की उजेड तुकड्यातुकड्यांनी उतरतो आणि भित्रे मासेही मोकळेपणी बाहेर येतात. पांढरी वाळू खालून प्रकाश परतवते आणि तिच्यावर अनेक मासे रंग उतरवून फिकट होतात. गडद रेती आणि काळी पाठभिंत त्यांचे रंग उठावदार करतात.

दिवस किती मोठा ठेवायचा? उष्ण कटिबंधात तो सुमारे 12 तासांचा असला, तरी टाकीला 8 ते 10 तास पुरतात. त्याहून जास्त उजेडाने शेवाळ माजते. खिडकीतले थेट ऊन शेवाळही वाढवते आणि पाणीही तापवते. माशांना पापण्या नसतात, त्यामुळे अंधारात एकदम दिवा लागला की ते दचकून काचेवर आदळतात. सकाळी आधी खोलीतला दिवा लावावा आणि थोड्या वेळाने टाकीचा. रात्री नेमका उलटा क्रम. उजेड हळूहळू वाढवणारा टायमर असेल तर उत्तमच. निऑन टेट्राचा निळा पट्टा रात्री मंदावतो आणि सकाळी पुन्हा उजळायला थोडा वेळ घेतो. त्यामुळे पहाटे हा मासा फिका दिसला, तर लगेच आजारी समजू नये.