संदर्भशोध (संशोधन)
संदर्भशोध म्हणजे संशोधनविषयाशी संबंधित ग्रंथ, लेख व कागदपत्रे पद्धतशीरपणे शोधण्याची प्रक्रिया होय. यात विषयातील मुख्य संकल्पना वेगळ्या करून प्रत्येकीचे समानार्थी शब्द व जुनी नावे नोंदवतात. समानार्थी शब्द ‘किंवा’ने जोडल्यास शोध विस्तारतो, भिन्न संकल्पना ‘आणि’ने जोडल्यास तो नेमका होतो.

उदाहरण

मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला १७६५ मध्ये ब्रिटिशांनी घेऊन त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यामुळे मालवणची जुनी माहिती १८८० च्या ‘रत्नागिरी व सावंतवाडी’ इंग्रजी गॅझेटियरमध्ये आढळते. केवळ ‘सिंधुदुर्ग’ या शब्दाने शोध घेतल्यास अशी साधने निसटू शकतात.