खिडकीतला चार्ली

सिनेमा बघताना कधी आवाज बंद करून पाहिलाय? एक शब्दही ऐकू येत नाही, तरी पडद्यावरच्या घरात कोणाचं चालतं ते कळतंच! कोण पुढे बसलंय, कोण मागे उभं आहे, यावरूनच.

माझा असा सगळ्यात आवडता प्रसंग आहे १९४१ सालच्या ‘सिटिझन केन’ या अमेरिकी चित्रपटातला. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स चित्रीकरणाच्या वेळी होता फक्त २५ वर्षांचा!

कोलोरॅडोतलं एक साधं घर. बाहेर बर्फात छोटा चार्ली खेळतोय. आत त्याची आई कागदांवर सही करणार आहे. सही झाली की चार्ली बँकवाल्या थॅचरबरोबर दूर जाणार. आता जागा बघा हं. आई आणि थॅचर अगदी पुढे, टेबलाशी, मोठ्ठे दिसतात. बाबा त्यांच्यामागे उभे. ते कुरकुरतात, पण टेबलाशी त्यांना जागाच नाही! आणि मोठ्यांच्या मधोमध, लांब खिडकीच्या चौकटीत, इवलासा चार्ली. बोलणं सगळं त्याच्याबद्दल, आणि त्याला पत्ताच नाही. त्याच्या खेळण्याचे आवाज मात्र आत येत राहतात.

दरवर्षी ५०,००० डॉलर मिळणार हे ऐकल्यावर बाबा गप्प होतात आणि खिडकी लावून घेतात. आई सही करून उठते आणि तीच खिडकी पुन्हा उघडते. मला तर वाटतं, तिची माया त्या एका कृतीत दिसते.

पण एक गंमत राहिली. जवळची आई आणि लांबचा चार्ली, दोघंही स्पष्ट कसे? मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमध्ये तर मागचं सगळं धूसर होतं!

एक प्रयोग करा. पुठ्ठ्याला टाचणीने बारीक भोक पाडा. एक डोळा मिटून, वीतभर अंतरावर धरलेल्या पेन्सिलीकडे टक लावा. मागचं झाड धूसर दिसेल. आता पुठ्ठा डोळ्याजवळ धरून भोकातून पेन्सिलीकडेच बघा. झाड बरंच स्पष्ट झालं ना? (सूर्याकडे मात्र अजिबात बघायचं नाही.) ज्या वस्तूवर भिंगाची नजर जुळलेली नसते, तिचा प्रत्येक बिंदू पसरून त्याचं वर्तुळ होतं. प्रकाश आत येण्याचं छिद्र लहान केलं की ती वर्तुळंही लहान होतात.

कॅमेरामन ग्रेग टोलंड यांनी हेच केलं, शिवाय जास्त रुंद दृश्य टिपणारं भिंग वापरलं. अडचण एकच, छिद्राची रुंदी निम्मी केली की प्रकाश चौथाईच उरतो! मग हवेत प्रखर दिवे आणि कमी उजेडातही चित्र टिपणारी फिल्म.

हा प्रसंग पाहिलात, तर टेबलावरच्या टोपीकडे लक्ष ठेवा. कॅमेरा खिडकीपासून मागे सरकत येतो. त्याच्या वाटेत टेबल कसं चालेल? म्हणून कॅमेरा तिथून मागे निघून गेल्यावर ते पटकन जागेवर सरकवलं. टोपी अजून हलत असते!