विद्यार्थ्यांचे वाद्यवृंद आणि त्यांचें व्यासपीठ

कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची तारीख फळ्यावर लागली, कीं कालपर्यंत कोणाच्याहि दृष्टीस न पडणारे गायक, नट व पेटीवाले एकाएकीं कोठून तरी प्रकट होतात, आणि संमेलन आटोपलें कीं तितक्याच त्वरेनें दिसेनासे होतात, हा अनुभव शहरांतील बहुतेक सुशिक्षित घरांना आहे. वर्षभर तबल्यावर बसलेली धूळ त्या एका पंधरवड्यांत झटकली जाते. विद्यार्थ्यांच्या कोणत्याहि कलामंडळाचें वर्म ह्या साध्या अनुभवांतच सांपडतें. तालीम ही प्रयोगाच्या आशेवर जगते. युरोप व अमेरिकेतील विद्यापीठांतून विद्यार्थ्यांचे वाद्यवृंद पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. त्यांचा इतिहास चाळला तर असें दिसतें कीं, वाद्यें, पैसा व गुरु ह्यांची उणीव त्यांनीं कशीबशी भरून काढली. परंतु ठरलेली जागा व ठरलेला दिवस जेथें मिळाला नाहीं, तेथें त्यांचा निभाव लागणें कठीण झालें.

पाश्चात्य वाद्यवृंद म्हणजे आपल्याकडील साथसंगत नव्हे. आपल्या बैठकींत एक गवई, एक तबलजी, एक पेटीवाला व मागें दोन तंबोरे एवढ्यावर रात्र निघते. आयत्या वेळीं तबलजी आला नाहीं तर शेजारच्या आळींतून दुसरा आणतां येतो. वाद्यवृंदांत पन्नासांपासून शंभरांपर्यंत वादक बसतात. प्रत्येकाच्या पुढें स्वरलिपींत लिहिलेला त्याच्यापुरता भाग असतो आणि ह्या सर्वांना एका लयींत बांधण्यासाठीं समोर वृंदनायक उभा असतो. व्हायोलिन, व्हिओला, चेलो व डबल बास हीं तंतुवाद्यें. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट व बसून हीं लांकडी फुंकवाद्यें. हॉर्न, ट्रंपेट, ट्रॉम्बोन हीं पितळी. आणि नगारे, झांजा इत्यादि आघातवाद्यें, असे चार गट मानतात. ह्यांतील एक भाग गळाला तर रचनेला भगदाड पडतें. विद्यापीठांत व्हायोलिन व फ्लूट वाजविणारे हवे तितके मिळतात. बसून व डबल बास ह्यांची मात्र नेहमींच वानवा असते. शिवाय जो बसूनवाला मोठ्या मिनतवारीनें तयार करावा, तो दोन-तीन वर्षांत पदवी घेऊन चालता होतो. म्हणजे विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद हा दरसाल अर्धामुर्धा मोडणारा व दरसाल नव्यानें बांधावा लागणारा संसार आहे.

हा संसार उत्तम रीतीनें चाललेला पाहावयाचा असेल तर अठराव्या शतकांतील लायप्झिग शहराकडे वळलें पाहिजे. जर्मनींतील हें व्यापारी शहर वर्षांतून तीन वेळां भरणाऱ्या मोठ्या जत्रांसाठीं प्रसिद्ध होतें, आणि तेथील विद्यापीठहि जुनें होतें. १७०१ सालीं गेओर्ग फिलिप टेलेमान हा तरुण कायद्याचा अभ्यास करण्यासाठीं तेथें आला. कायद्याचीं पुस्तकें त्यानें किती वाचलीं हा प्रश्न वेगळा. परंतु १७०२ मध्यें त्यानें विद्यार्थ्यांना जमवून ‘कोलेगिउम म्यूझिकुम’ म्हणजे संगीतमंडळ उभें केलें. ह्या मंडळांत कित्येकदां चाळीसपर्यंत विद्यार्थी जमत, असें त्यानें पुढें आपल्या आत्मवृत्तांत लिहून ठेविलें आहे. मंडळ जमलें त्याच वर्षीं शहरांतील ऑपेरागृहाचा कारभार टेलेमानकडे आला व दोन वर्षांनीं नव्या चर्चमधील संगीताचाहि. तेव्हां त्याच्या विद्यार्थ्यांना रंगभूमि व देवालय अशीं दोन्ही द्वारें एकदमच खुलीं झालीं. १७०५ मध्यें टेलेमान लायप्झिग सोडून गेला, तरी मंडळ मोडलें नाहीं. एकामागून एक नवे प्रमुख येत राहिले आणि १७२९ सालीं त्याची सूत्रें योहान सेबास्टिअन बाख ह्याच्या हातीं आलीं.

बाख त्या वेळीं चव्वेचाळीस वर्षांचा होता. सेंट टॉमस चर्चच्या शाळेंतील संगीतगुरूची जागा व शहरांतील मुख्य चर्चांच्या संगीताची जबाबदारी त्याच्याकडे होती. एवढा मान्यवर मनुष्य विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या मागें कां लागला, ह्याचें कांहीं अंशीं उत्तर त्यानेंच १७३० च्या ऑगस्टमध्यें नगरसभेला सादर केलेल्या निवेदनांत मिळतें. चर्चच्या संगीतासाठीं नगराच्या पगारी वादकांची संख्या अवघी आठ होती, आणि त्या आठांच्याहि कौशल्याविषयीं न बोललेलें बरें, असा बाखचा एकंदर सूर आहे. उरलेल्या जागा विद्यार्थी भरून काढीत. पूर्वीं त्यांना त्याबद्दल थोडें वेतन मिळे. पुढें तें कमी होत होत बंद झालें, तेव्हां फुकट राबण्याचा विद्यार्थ्यांचा उत्साहहि ओसरला, अशी त्याची तक्रार आहे. जगांतील सर्वश्रेष्ठ संगीतकारांपैकीं एकानें बसून व व्हायोलिन वाजविणाऱ्या पोरांना चार पैसे द्या म्हणून अर्ज करावा आणि त्याचा विशेष उपयोग होऊं नये, ही गोष्ट वाचतांना गंमत वाटते व वाईटहि वाटतें.

नगरसभेनें जें दिलें नाहीं तें एका कॉफीवाल्यानें दिलें. काथारिनेन रस्त्यावर गॉटफ्रीड त्सिमरमान ह्याचें कॉफीगृह होतें. हिवाळ्यांत दर शुक्रवारीं रात्रीं आठ ते दहा ह्या वेळांत मंडळाचें वादन तेथें होई. उन्हाळ्यांत तें वेशीबाहेरील त्याच्या बागेंत दर बुधवारीं दुपारीं चार ते सहा चाले. जत्रेच्या दिवसांत परगांवचे व्यापारी शहरांत उतरत. तेव्हां आठवड्यांतून दोन दिवस, मंगळवारीं व शुक्रवारीं, कार्यक्रम होत. मालकाचा नफा अर्थात् कॉफींत होता. तरीहि त्याची रसिकता केवळ गल्ल्यापुरती नसावी. १७३३ च्या फेब्रुवारींत सॅक्सनीचा इलेक्टर व पोलंडचा राजा मरण पावला व दुखवट्यामुळें कांहीं महिने संगीत बंद राहिलें. जूनमध्यें कार्यक्रम पुन्हां सुरू होतांना, शहरांत पूर्वीं कधीं ऐकूं न आलेलें नवें हार्पसिकॉर्ड ह्या प्रसंगीं ऐकावयास मिळेल, अशी जाहिरात वृत्तपत्रांत झळकली होती.

दर आठवड्याला ठरलेला दिवस मिळाल्याचा परिणाम काय होतो हें येथें स्पष्ट दिसतें. पुढील शुक्रवारीं लोक येणार हें ठाऊक असलें म्हणजे नवी रचना हवी, ती उतरवून घ्यावयास हवी, तिची तालीम हवी. आळसाला जागाच राहत नाहीं. १७३६ मधील एका संगीतविषयक नियतकालिकांत ह्या मंडळाची जी माहिती आली आहे, तींत वादक बहुतेक विद्यार्थीच असून त्यांतूनच पुढें नामांकित वादक निपजतात, असें म्हटलें आहे. बाखची ‘कॉफी कांटाटा’ ह्याच सुमाराची. कॉफीच्या नादीं लागलेली मुलगी व तिला कसें आवरावें ह्या विवंचनेंत पडलेला बाप ह्यांची ती विनोदी संगीतिका आहे. ती कॉफीगृहांत वाजली असल्यास सर्वांत मोठ्यानें कोण हसलें असेल, हें सांगावयास नको.

अशा नित्याच्या सरावामुळेंच नैमित्तिक प्रसंगहि पार पाडतां येतात. १७३४ च्या ऑक्टोबरांत नवा राजा ऑगस्टस अवचित लायप्झिगला आला. पोलंडच्या सिंहासनासाठीं झालेल्या त्याच्या निवडणुकीचा वाढदिवस ५ ऑक्टोबरला होता, आणि बाखच्या हातीं अवघे तीन दिवस होते. एवढ्या अवधींत दोन गायकवृंद, ट्रंपेट व नगारे ह्यांसह त्यानें मोठी रचना सिद्ध केली. त्या रात्रीं नऊ वाजतां बाजारचौकांत राजाच्या निवासापुढें ती वाजली, आणि सहाशे विद्यार्थी हातांत मेणाच्या मशाली घेऊन मिरवणुकीनें आले, अशी नोंद शहराच्या बखरींत आहे. ह्या आनंदाला एक गालबोट लागलें. गॉटफ्रीड राइख हा नगराचा सदुसष्ट वर्षांचा निष्णात ट्रंपेटवादक दुसऱ्याच दिवशीं घराकडे जात असतां झटका येऊन मरण पावला. आदल्या रात्रींचे श्रम व मशालींचा धूर हेंच त्याचें कारण, असें लोकांनीं ठरविलें.

१७३७ ते १७३९ एवढा खंड सोडला तर बाखनें हें मंडळ सुमारें दहा वर्षें चालविलें. १७४१ मध्यें त्सिमरमान वारला. दोन वर्षांनीं शहरांतील व्यापाऱ्यांनीं स्वतःची मोठी संगीतसभा स्थापन केली. तिनें पुढें कापडव्यापाऱ्यांच्या वखारींत, म्हणजे ‘गेवांडहाउस’मध्यें, बिऱ्हाड केलें व तेंच नांव जगप्रसिद्ध झालें. त्सिमरमानचें घर मात्र १९४३ च्या डिसेंबरांतील बाँबहल्ल्यांत नष्ट झालें.

ह्याच्या उलट चित्र अमेरिकेंतील हार्वर्ड येथें दिसतें. तेथील विद्यार्थ्यांनीं १८०८ मध्यें ‘पायेरियन सोडॅलिटी’ नांवाचें मंडळ काढलें. वाद्यें होतीं, हौसहि होती. परंतु त्सिमरमान नव्हता. रात्रीं-अपरात्रीं तरुणींच्या खिडक्यांखालीं जाऊन वाजवावयाचें, हाच त्यांचा मुख्य प्रयोग. अशा उपक्रमाविषयीं प्राध्यापकवर्गाचें मत काय असेल हें उघड आहे. मंडळास उतरती कळा लागली आणि १८३२ च्या सुमारास त्यांत हेन्री गॅसेट नांवाचा एकच सभासद राहिला. त्यानें एकट्यानेंच सभा भरविल्या, एकट्यानेंच फ्लूट वाजविली, आणि कांहीं काळानें दुसरा एक फ्लूटवाला गळास लावून मंडळ तगविलें, अशी कथा त्याच्या इतिहासांत आवर्जून सांगतात. १८३७ मध्यें जुन्या सभासदांनीं बॉस्टन परिसरांत संगीतसंघ स्थापिला, आणि १८६५ पासून त्या संघानें वाद्यवृंदाच्या जाहीर सभा भरविल्या. १८७५ मध्यें हार्वर्डला संगीताचें प्राध्यापकपदहि निर्माण झालें. खिडकींखालचें संगीत दिवाणखान्यांतून सभागृहांत यावयास असा बराच काळ लागला. १९४२ मध्यें शेजारच्या रॅडक्लिफ कॉलेजच्या मुली त्यांत सामील झाल्या आणि आज तोच वाद्यवृंद ‘हार्वर्ड-रॅडक्लिफ’ ह्या नांवानें वाजतो.

इंग्लंडांतील केंब्रिज येथें तिसरीच तऱ्हा. तेथील संगीतमंडळ १८४३ चें. तेथें विद्यार्थ्यांच्या जोडीला लंडनहून धंदेवाईक वादक बोलावून रिकाम्या जागा भरीत. ह्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. कसलेल्या हॉर्नवाल्याशेजारीं एक संध्याकाळ बसून नवशिका जें शिकतो तें महिनाभराच्या घोकंपट्टींत मिळत नाहीं. ८ मार्च १८७७ रोजीं ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीचें इंग्लंडमधील पहिलें वादन लंडनांत न होतां केंब्रिजला झालें व तें योआखिमनें चालविलें. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवास १८९३ मध्यें चायकोव्स्की व सें-साँ पदव्या घेण्यासाठीं स्वतः आले व आपापल्या रचना त्यांनीं तेथें सादर केल्या.

आज विद्यापीठांतील वाद्यवृंदांना संधि अनेक आहेत. सत्राअखेरची मैफल तर ठरलेलीच असते. गायकवृंदाची साथ, पदवीदानाचा समारंभ, संगीतशाखेंतील नवख्या रचनाकाराची पहिली कृति, वृंदांतीलच एखाद्या वादकास एकल वादनाचा मान, सुटींतील दौरा, हीं त्यांत भर घालतात. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचा वाद्यवृंद तर १६२७ पासूनची परंपरा सांगतो. दौऱ्यांचा व स्पर्धांचा गाजावाजा अधिक होतो. परंतु वर्षांतून एकदां परदेशांत वाजविण्यापेक्षां महिन्यांतून एकदां गांवांतल्याच लोकांपुढें वाजविणें अधिक फलदायी असतें. नुसत्या टाळ्यांपेक्षां मागच्या खेपेचीं चूक ओळखणारा श्रोता वादकाला पुढें नेतो.

ह्या कामीं मुंबईच्या एका पुत्राचें नांव घेतलें पाहिजे. मेहली मेहता ह्यांनीं १९३५ मध्यें मुंबईंत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढें ते परदेशीं गेले, आणि १९६४ मध्यें लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत वाद्यवृंदविभागाचे प्रमुख झाले. त्याच वर्षीं त्यांनीं ‘अमेरिकन यूथ सिंफनी’ ही तरुण वादकांची संस्था काढली. तिच्या मैफली विद्यापीठाच्या रॉइस सभागृहांत होत व त्यांस प्रवेश विनामूल्य असे. तीसहून अधिक वर्षें मेहतांनीं ती चालविली, आणि १९९८ मध्यें, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, हातांतली छडी खालीं ठेविली. २००२ मध्यें ते निवर्तले. पैशाच्या ओढाताणीमुळें २०२४ मध्यें ती संस्था बंद करावी लागली. वाजविणाऱ्यांचा तुटवडा पडला म्हणून नव्हे.