निकाल अंतिम झाला, पण वय कोणी पाहिले?

सर्वोच्च न्यायालयात हरलो, पुनर्विलोकन अर्जही फेटाळला, म्हणजे कैद्याचे सगळे मार्ग बंद, असे आपण धरून चालतो. बहुतेकदा ते खरेच असते. पण वयाचा मुद्दा निराळा. २०१५ चा बाल न्याय कायदा, कलम ९ सांगते : गुन्ह्याच्या वेळी आपण अल्पवयीन होतो, हा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर करता येतो. अगदी अंतिम निकालानंतरही.

पुण्याचेच प्रकरण बघा. ऑगस्ट १९९४ मध्ये एकाच घरातल्या पाच स्त्रिया आणि दोन मुलांचा खून झाला. १९९८ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना फाशी सुनावली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे त्यातल्या एकाने वयाचा दावा केला. राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या वेळी वय साडेबारा! शिवाय शाळेतले नाव वेगळे, खटल्यातले वेगळे. २०१९ मध्ये चौकशी पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे आली आणि दावा टिकला. साडेबारा वर्षांचा मुलगा असे करेल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयालाही पडला. पण नुसत्या तर्कावर निकाल देता येत नाही, असे त्याने म्हटले. एवढ्या लहान वयाच्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. हा अठ्ठावीसहून अधिक वर्षे आत होता. २७ मार्च २०२३ ला फाशी रद्द ठरून सुटकेचा आदेश झाला. ज्यांची माणसे गेली त्यांना हे पचणे कठीण, हे आम्हीही मान्य करतो.

आता आपल्याकडे या. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांसाठी दरसाल ऊसतोड टोळ्या येतात. कोपीत जन्मलेल्या पोराची नोंद कुठे झाली असेल? समजा, असा पोरगा अटक झाला आणि कागदावर ‘वय अंदाजे १९’ पडले, तर पुढे बारामतीच्या सत्र न्यायालयापर्यंत तोच अंदाज चालत जातो. कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला बघतात, तो नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेची जन्मनोंद, आणि दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी.

कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बारामती, इंदापुरात तालुका विधी सेवा समितीकडे घरच्यांनी जावे, आणि जाताना पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा घेऊन जावा.